डच शेती: गोठा की काचघर?

नेदरलँड्समध्ये पुढे कोण टिकेल, गाई की टोमॅटो? माझा कौल टोमॅटोला.

गाईंची अडचण दुधात नाही, शेणामुतात आहे. त्यातून उठणारा अमोनिया, म्हणजे नायट्रोजनयुक्त वायू, संरक्षित निसर्गक्षेत्रांवर बसतो. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नायट्रोजनच्या परवान्यांची पद्धतच मोडीत काढली. त्यात भर म्हणून शेणखतातल्या नायट्रोजनची हेक्टरी २५० किलोपर्यंतची सवलत संपून मर्यादा १७० वर आली. जादा शेण आता पदरचे पैसे मोजून उचलायला लावायचं! आपल्याकडे त्याच शेणखताची ट्रॉली हजारोंना जाते.

वेस्टलँड या डच भागातल्या काचघरांचं दुखणं म्हणजे उबेसाठी आणि विजेसाठी जाळावा लागणारा गॅस. २०२२ मध्ये भाव भडकले तेव्हा काहींनी रोपांना प्रकाश देणारे दिवेच लावले नाहीत. पण तिथे निदान जमिनीखालचं गरम पाणी उपसून त्याची उष्णता टोमॅटोच्या ओळींमधल्या नळ्यांतून फिरवता येते.