कोमट परीक्षण आलं तर काय करावं? चार लेखक, चार वाटा

झोडपून काढणारं परीक्षण आलं की निदान चार माणसं तुमची बाजू घेऊन भांडायला उभी राहतात. ‘बरी आहे, एकदा वाचायला हरकत नाही’ एवढ्यावर कुणी बोळवण केली, की कुणी फिरकत नाही. भांडणार तरी कशावरून? ऐतिहासिक प्रेमकथा लिहिणाऱ्याच्या वाट्याला हा प्रकार जरा जास्तच येतो. इतिहासासाठी पुस्तक उघडलेल्या वाचकाला मधल्या भेटीगाठी लांबण वाटतात. नायक-नायिकेचं पुढे काय होतं यात अडकलेला वाचक तहाच्या अटी आणि वंशावळी भराभर उलटतो. मग दोघंही तीन तारे देऊन मोकळे होतात.

यावर लेखकांनी आजवर काय काय केलं, ते शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिली वाट उत्तर देण्याची. इथे फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरपेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. १८६२ साली त्याची ‘सालांबो’ ही कादंबरी आली. उत्तर आफ्रिकेतलं प्राचीन कार्थेज, भाडोत्री सैनिकांचं बंड, आणि त्या बंडाच्या म्होरक्याचं सेनापतीच्या मुलीवर, म्हणजे सालांबोवर, जडलेलं वेडं प्रेम. त्या काळचा सर्वांत वजनदार समीक्षक सेंत-बव्ह याने तिच्यावर ओळीने तीन लेख लिहिले. आदर होता, पण जीव रमला नाही हे लपत नव्हतं. फ्लोबेरने त्याला लांबलचक पत्र धाडलं आणि एकेक आक्षेप घेऊन आधार दिले: हे अमुक ग्रंथात आहे, ते तमुक ठिकाणी. पुढे एका पुरातत्त्वज्ञाने चुका काढल्या, तेव्हा त्यालाही त्याने वर्तमानपत्रातून तसंच उत्तर दिलं.

सेंत-बव्हला लिहिलेल्या पत्राच्या शेवटाकडे मात्र सूर बदलतो. फ्लोबेर स्वतःच कबूल करतो की पुतळ्याच्या मानाने चौथरा फार मोठा झालाय, नुसत्या सालांबोवर आणखी शंभर पानं हवी होती. मला हे फार बोलकं वाटतं. इतिहासावरच्या आक्षेपाला पुरावा देता येतो, म्हणून तिथे तो इंचभरही मागे हटला नाही. ‘नायिका मनात भरली नाही’ याला कुठला पुरावा देणार? तिथे त्याने निमूट मान्य केलं. सेंत-बव्हचा मोठेपणा असा, की त्याने ते पत्र पुढे आपल्याच लेखसंग्रहात छापलं.

असा समीक्षक भेटणं नशिबाची गोष्ट. आणि फ्लोबेरने पत्र लिहिलं ते एका माणसाला. आज उत्तर म्हणजे हजारो लोकांसमोर आवाज चढवणं. २००९ साली अमेरिकन कादंबरीकार अॅलिस हॉफमन यांनी एका संमिश्र परीक्षणावर चिडून परीक्षिकेचा फोन नंबरच ट्विटरवर टाकला आणि मग त्यांना माफी मागावी लागली. परीक्षणात बऱ्यावाईट दोन्ही बाजू होत्या. गाजलं ते ट्विट.

(उत्तर देण्याची एक चोरवाटही आहे. स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉट नाव न देता ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायचा. १८१७ साली एका मित्राच्या मदतीने त्याने आपल्याच पुस्तकाचं परीक्षण निनावी लिहिलं. गंमत म्हणजे त्यात आपले नायक भले पण मचूळ आहेत असं त्याने बिनदिक्कत म्हटलंय. आज खोट्या खात्यांवरून स्वतःला पाच तारे देणाऱ्यांकडे एवढा प्रामाणिकपणा नसतो, आणि ते पकडलेही जातात. ही वाट नकोच.)

दुसरी वाट कानाडोळा करण्याची. ऐतिहासिक प्रेमकथा लिहिणारी इंग्रज लेखिका जॉर्जेट हेयर हिचं यात उदाहरण द्यावं लागतं. १९२६ साली ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप चालू असताना तिची अठराव्या शतकातली एक प्रेमकथा आली. ना परीक्षण, ना जाहिरात, तरी तिच्या १ लाख ९० हजार प्रती खपल्या. तिने त्यातून धडा घेतला की प्रसिद्धीची गरजच नाही, आणि पुढे मुलाखतींच्या वाटेला गेली नाही. प्रतिष्ठित समीक्षकांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, वाचक मात्र वाढत राहिले.

ऐकायला छान वाटतं, पण याचीही किंमत होती. आपण असलं काहीतरी लिहितो म्हणून आपल्याला गोळ्या घालायला हव्यात, असं तिनेच एका पत्रात लिहिलंय. लगेच पुढे, विरंगुळा म्हणून पुस्तक निःसंशय चांगलं आहे, असंही. म्हणजे बाहेरचं परीक्षण वाचायचं टाळलं तरी घरातलं चालूच होतं. मध्ययुगावरचा जो गंभीर प्रकल्प तिला मनापासून करायचा होता, तो अर्धाच राहिला आणि १९७४ मध्ये ती गेल्यावर तसाच छापला गेला. ज्यांचा वाचकवर्ग ठरलेला आहे आणि पुढचं पुस्तक ठरल्या तारखेला द्यायचंय, त्यांना ही वाट मानवते. पहिलंच पुस्तक असेल तर नाही, कारण मग कुठे घसरलो हे कळायला दुसरा मार्ग उरत नाही. शिवाय ‘मी वाचत नाही’ म्हणणारे पुष्कळजण रात्री गुपचूप वाचतातच.

तिसरी वाट मला सगळ्यांत आवडते. ती जेन ऑस्टिनची. ती ऐतिहासिक प्रेमकथा लिहिणारी नव्हे. उलट एका राजघराण्यावर तसली कादंबरी लिहा असं १८१६ साली सुचवलं गेलं, तेव्हा जिवावर बेतलं तरच लिहीन अशा अर्थाचं उत्तर तिने दिलं. पण ‘मॅन्सफिल्ड पार्क’ ही तिची कादंबरी आल्यावर तिने एक यादी केली: कोण काय म्हणालं. आईला नायिका बेचव वाटली. बहिणीच्या मते पुस्तक तितकंच हुशार पण आधीच्याइतकं चमकदार नाही; नायिका मात्र तिची लाडकी. पुढच्या ‘एमा’ कादंबरीच्या वेळी एका गृहस्थाने फक्त पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचलं, कारण पुस्तक रंजक नाही असं त्याच्या कानावर आलं होतं. तिने तेही उतरवून घेतलं. शेजारी शेरा नाही, सफाई नाही.

यादीने काय साधतं? एकच नायिका एकीला बेचव आणि दुसरीला लाडकी, हे एका कागदावर आलं की कुठलंही एक मत डोक्यावर बसत नाही. आपल्या प्रकारात तर यादीचे दोन रकाने आपोआप पडतात, इतिहासासाठी आलेले आणि प्रेमकथेसाठी आलेले. इतिहासवाला ‘प्रेम फार झालं’ म्हणाला तर सोडून द्या. प्रेमकथेसाठी आलेलाच ‘ते दोघं एकमेकांत का गुंतले ते कळलं नाही’ म्हणाला, तर थांबून विचार करा.

चौथी वाट मनावर घेण्याची, आणि ती खोल नेते. इटालियन लेखक मान्झोनीच्या ‘वाग्दत्तां’ची, म्हणजे सतराव्या शतकातल्या उत्तर इटलीत, लोंबार्दीत ताटातूट झालेल्या जोडप्याची कथा १८२७ साली आली. जर्मन महाकवी गटेने आधी तोंडभरून स्तुती केली, मग तिसऱ्या खंडात इतिहासकार कवीवर चढून बसलाय, युद्ध-दुष्काळ-प्लेगची वर्णनं छाटायला हवीत, असं मत दिलं. मान्झोनीने पुढे १८५० साली ऐतिहासिक कादंबरीवर एक निबंध छापला. तो सुरू होतो वाचकांच्या दोन उलट तक्रारींपासून: खरं कुठलं आणि रचलेलं कुठलं ते सांगत नाही, ही एक, सांगतो म्हणून रसभंग होतो, ही दुसरी. दोन्ही बरोबर आहेत, असा त्याचा निष्कर्ष. इतका न्यायीपणा कादंबरीकाराला परवडत नाही. दुसरी कादंबरी त्याने लिहिली नाही.

निवड करायचीच तर मी असं सुचवेन. हातात पुढचं हस्तलिखित अर्धवट असेल तर तूर्त हेयर व्हा आणि परीक्षणं कुणाला तरी बाजूला ठेवायला सांगा. मसुदा संपला की ऑस्टिनसारखी यादी करा. मान्झोनी वाचा, पण पुढचं पुस्तक छापून आल्यावर. आणि परीक्षकाने लढाईचं सालच चुकवलं असेल, तर संपादकाला आधारासह दोन ओळी पाठवा, तेवढ्या पुरतात. ‘नायक पटला नाही’ असं लिहिलं असेल, तर काहीच पाठवू नका.