निळ्या गुलाबाचं बी आणि एका पानाची होया

बाल्कनीत पहिल्यांदाच बाग लावणाऱ्यांसाठी हे लिहितेय. माझी फसवणूक झाली, आणि ती कळायला मला पाच महिने लागले. विकणारा नेमका त्याच पाच महिन्यांच्या भरवशावर होता, म्हणून सविस्तर सांगते.

ऑनलाइन एका विक्रेत्याकडे ‘नवशिक्यांसाठी खास संच’ दिसला. लॅव्हेंडर, रोझमेरी आणि थाईमच्या बिया, निळ्या गुलाबाचं बी, हृदयाच्या आकाराच्या पानाची होया ही वेल आणि गुलाबी पानांचा फिलोडेंड्रॉन हे शोभेचं झाड. फोटो बघून मी हरखून गेले आणि लगेच मागवून टाकलं. पाकिटं आली ती नुसती पारदर्शक. त्यांवर ना वाणाचं नाव, ना पॅकिंगची तारीख, ना उगवणशक्तीचा आकडा. तिथेच थांबायला हवं होतं.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत कालवून माती केली, निचऱ्याची भोकं तपासली, बिया पेरल्या. लॅव्हेंडर रुजायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. रोझमेरीही तशीच संथ, आणि तिचं चांगलं बीसुद्धा पुष्कळदा कमीच उगवतं. परतीची मुदत होती दहा दिवसांची. विक्रेत्याला विचारलं की उत्तर ठरलेलं: “धीर धरा मॅडम, नवीन लोकांकडून पाणी जास्तच होतं.” मला ते पटायचं. मी पाणी कमी केलं, माती बदलली, कुंड्या उन्हात सरकवल्या, परत सावलीत आणल्या. दोष माझ्याच हाताचा, असं मी धरूनच चालले होते. या फसवणुकीत मला सगळ्यात वाईट वाटतं ते याचं. पैसे गेले ते गेलेच, पण माणूस ‘मला झाडं जमत नाहीत’ म्हणून कायमचा बाजूला होतो.

निळा गुलाब मी मागाहून पेरला, तो मात्र चौथ्या दिवशीच उगवला! मी आनंदाने समोरच्या काकूंना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं, एक रोप चिमटीत धरून उपटलं आणि मला दाखवलं. पहिली दोन पानं, प्रत्येकाला टोकाशी खाच, जणू दोन छोटी हृदयं. “अगं, ही तर मोहरी आहे,” काकू म्हणाल्या. पाकिटात उरलेल्या बिया कागदावर ओतल्या, तर गोल, तपकिरी, बारीक दाणे. गुलाबाचं बी मोठं, फिकट, ओबडधोबड आणि टणक असतं. त्याला बहुधा आधी काही आठवडे थंडी द्यावी लागते, मगच ते सावकाश रुजतं. चार दिवसांत ते वर येतच नाही.

शिवाय निळ्या गुलाबाचं बी मुळात विकायला असूच शकत नाही. पुष्कळ फुलांना निळा रंग देणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य गुलाबात तयार होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने जनुकं बदलून 2004 साली असा गुलाब जाहीर केला आणि 2009 मध्ये त्याची फुलं विकायला आणली, तीही प्रत्यक्षात जांभळट दिसतात. आणि गुलाबाचे नावाजलेले वाण कलमाने वाढवतात, कारण बियांपासून आलेलं रोप मूळ झाडासारखं निघत नाही. हे आधी माहीत असतं तर पाकीट हातातही धरलं नसतं.

काकूंमुळे डोळे उघडले, पण तोवर मुदत कधीच संपली होती.

होयाचं पान मात्र हिरवंगार, ताठ होतं, म्हणून तिच्यावर माझा विश्वास होता. पाच महिने झाले तरी एक फुटवा नाही. शेवटी माती बाजूला करून पाहिलं. पानाच्या देठाला पांढऱ्या मुळांचा छान झुबका, पण खोडाचा तुकडा नाही. नवी वाढ येते ती खोडावरच्या पेराजवळच्या, म्हणजे पान जिथे खोडाला जुळतं त्या गाठीजवळच्या डोळ्यातून. पेर नसलेलं पान मुळं धरतं, वर्षानुवर्षं जगतं, पण त्याची वेल होत नाही. ‘वेल’ म्हणून मला एक पान विकलं होतं.

फिलोडेंड्रॉनची नवी पानं एकेक करून साधी हिरवी येत गेली. एरवी हिरव्याच असणाऱ्या झाडावर रासायनिक प्रक्रिया करून पानं गुलाबी करतात, आणि काही महिन्यांत तो रंग उतरतो. बाजारात त्याला ‘पिंक काँगो’ म्हणतात. मला तो ‘पिंक प्रिन्सेस’ म्हणून दिला होता, जिच्या गडद पानांवर गुलाबी शिंतोडे आणि पट्टे असतात.

रोपांचे फोटो जोडून तक्रार केली. मुदत संपल्याचं उत्तर आलं आणि विक्रेत्याने मला ब्लॉक केलं. थोड्याच दिवसांत तोच निळ्या गुलाबाचा फोटो दुसऱ्या दुकानाच्या नावाखाली दिसला. तो फोटो इमेज सर्चमध्ये टाकला तर कितीतरी दुकानांवर तोच. हे काम खरेदीआधी दोन मिनिटांत झालं असतं.

आता पाकीट आलं की त्याच दिवशी थोड्या बिया पांढऱ्या कागदावर पसरून फोटो काढते आणि त्या झाडाच्या बियांशी ताडून बघते. लॅव्हेंडर आणि रोझमेरीची मुळं धरलेली रोपंच घेते. पुदिना लावायला तर बियांची गरजच नाही, ओळखीच्या कुणाकडून एक काडी आणून पाण्यात ठेवली की मुळं फुटतात. आणि वेगळं झाड घ्यायचं असेल तर विक्रेत्याकडे खोडाच्या पेराचा जवळून काढलेला फोटो मागते, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. आतापर्यंत चौघांना मागितला, एकाने पाठवला. त्याच्याकडून आणलेल्या होयाला गेल्या आठवड्यात दुसरं पान आलंय.