फाराचा जाळ आणि शेतघरातलं जेवण: पाचपैकी साडेतीन

इटलीतल्या आब्रुत्सो प्रांतात संत आंतोनियोचा जाळाचा सण बघायला गेलो आणि तिथल्या एका शेतघरात जेवलो, राहिलो. आधी गोडाचं सांगते, कारण पैसे तिथेच वसूल झाले. काज्जोनेत्ती म्हणजे आब्रुत्सोची तळणीतली करंजीच म्हणा. पारीच्या पिठात पांढरी वाईन आणि तेल, आत शिजवून वाटलेले काबुली चणे, बदाम, दालचिनी, जरासं चॉकलेट. पारी इतकी पातळ आणि खुसखुशीत की पहिल्या घासाला वरची पिठीसाखर सगळी कोटावर. चॉकलेट मध्येच दचकवतं. द्राक्षाच्या दाट मुरांब्याचं सारण मला जास्त आवडलं, आंबटगोड. पूर्वी डुकराच्या चरबीतही तळायचे, म्हणून विचारून घेतलं. तळणाऱ्या आजींनी ऑलिव्ह तेलाचा डबाच पुढे केला.

आता तक्रार. बुकिंगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की एक पान शाकाहारी. तरी चण्यातल्या साञ्येत (घरी लाटून कापलेला पास्ता) डुकराच्या गालफडाचे तुकडे. वर म्हणे, चवीपुरतंच आहे! बदली ताट आलं तोवर नवऱ्याची निखाऱ्यावरची सॉसेजं फस्त झाली होती. १७ जानेवारीचा हा सण संत आंतोनियो आबातेचा, गुराढोरांच्या रखवालदाराचा. त्याच्या मूर्तीच्या पायाशी डुक्कर असतं आणि ताटातही तेच. ठीक आहे, पण कबूल केलेलं द्यावं ना.

तरी जाच, आणि आदल्या दिवशी, १६ तारखेला जा. मायेल्ला डोंगराच्या पायथ्याशी फारा फिलियोरुम पेत्री नावाचं गाव आहे. तिथे प्रत्येक वाडी वाळक्या बोरूंचा आठ-नऊ मीटर उंच जाडजूड खांब बांधते, तांबड्या विलोच्या डहाळ्यांनी करकचून आवळून. याला फार्किया म्हणतात. सगळे खांब संताच्या देवळापुढे आणून दोर आणि शिड्यांच्या आधाराने उभे करतात, तेव्हा ओढणाऱ्यांपेक्षा सूचना देणारेच जास्त! अंधार पडता पडता शेंड्याला आग लागते, फटाके फुटतात, बाजाची पेटी आणि संताची गाणी सुरू होतात. १७९९ मध्ये फ्रेंच सैन्य गावावर चालून आलं तेव्हा संताने ओकची झाडं पेटवून त्यांना पळवलं, अशी आख्यायिका आहे.

जेवण माणशी ३५ युरो, घरची लाल वाईन धरून. खोली गार होती, जादा पांघरूण मागितल्यावर लगेच मिळालं. गाडी गावाबाहेर लावा, आणि जुने कपडे घाला, ठिणग्या लांबवर उडतात.