आय-सेव्हनच होता, आकडा एकही खोटा नव्हता

मी घरून डीटीपी करते, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून देते. सिंहगड रोडला घर, बाहेरच्या खोलीत टेबल, त्यावर अकरा वर्षं इमानेइतबारे चाललेला डेस्कटॉप. जुलैत दिवाळी अंकांची पानं यायला लागली आणि त्याचा दम सुटला. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे जो तो ऐकवत होता. म्हटलं, एकदाच काय तो खर्च करून मोकळं व्हावं.

पुण्यात पासोड्या विठोबापाशी रिक्षा सोडली आणि कॉम्प्युटरची चार दुकानं फिरले. तीन ठिकाणी चौतीस-पस्तीस हजारांत आय-थ्री सांगत होते, म्हणजे इंटेलचा खालच्या पायरीचा प्रोसेसर, कॉम्प्युटरचा मेंदू. चौथ्या दुकानात २८,५०० मध्ये त्याच्या वरच्या पायरीचा आय-सेव्हन, सोळा जीबी रॅम, ५१२ जीबीचा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क), वर मॉनिटर. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

मी काही अगदीच भोळी नाही. "एवढं स्वस्त कसं?" असं विचारलं. त्यावर त्याने काउंटरच्या काचेखालचा एक कागद दाखवला. दोन रकाने. आय-थ्री : चार कोअर (काम करणारे हात म्हणा), आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), ३.३ गिगाहर्ट्झ. आय-सेव्हन : चार कोअर, आठ थ्रेड, ३.४ गिगाहर्ट्झ. "ताई, आता तुम्हीच वाचा. बाकीचे लोक आय-थ्रीवर मार्जिन काढतात. आपण व्हॉल्यूमवर धंदा करतो."

मग दोन्ही मशीन शेजारी शेजारी ठेवून एकदम चालू केली. आय-सेव्हन दहा-बारा सेकंदांत तयार. आय-थ्री बिचारा गोल गोल फिरतोय. माझ्यासमोर चहा आला, तो निम्मा प्यायले तरी फिरतोच आहे. डोळ्यांनी बघितलं म्हटल्यावर आणखी काय हवं? पैसे दिले.

घरी पहिला आठवडा बरा गेला. मग दोनशे पानांची फाइल उघडली, जाहिरातींची मोठी चित्रं बसवायला घेतली, आणि कर्सर जागीच थिजायला लागला. मुलगी यूट्यूबवर फोर-के व्हिडिओ लावायची, तर तो अडखळत चाले आणि पंखा मिक्सरसारखा ओरडे. दुकानात फोन केला. "नवीन मशीन आहे ताई, सेट व्हायला वेळ लागतो." हे मी ऐकून घेतलं, याची मला आजही लाज वाटते. मशीन म्हणजे काय नवी चप्पल आहे, पायात बसायला?

गणपतीत भाचा आला. हिंजवडीला नोकरी करतो. त्याने सीपीयू-झेड नावाचं, प्रोसेसरची माहिती दाखवणारं छोटं फुकट सॉफ्टवेअर टाकलं, दोन मिनिटं स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "मावशी, हा प्रोसेसर २०१२ चा आहे."

आय-सेव्हन ३७७०. इंटेलच्या 'आयव्ही ब्रिज' मालिकेतला, ११५५ नावाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या खाचेत, बसणारा. एप्रिल २०१२ मध्ये बाजारात आलेला, तिसऱ्या पिढीचा. आपल्या काळात तो खरंच दांडगा होता, त्याला दोष नाही. पण दुकानातला आय-थ्री होता १२१००, बाराव्या पिढीचा, जानेवारी २०२२ चा. आय-सेव्हनच्या पुढच्या चार आकड्यांतला पहिला आकडा म्हणजे पिढी, आकडे पाच असले तर पहिले दोन. माझ्या बिलावर हे आकडेच नव्हते. नुसतं 'आय-सेव्हन ३.४ गिगाहर्ट्झ'.

"पण ३.४ जास्तच ना ३.३ पेक्षा?" मी अजून त्या कागदालाच धरून होते. भाचा ठोक्यांचं काहीतरी सांगत होता. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती ठोके, पण एका ठोक्यात काम किती होतं ते पिढीगणिक बदलतं. मला ते प्रेसच्या भाषेत कळलं. छपाईच्या दोन मशीनांची तासाची इंप्रेशनं, म्हणजे छाप, जवळपास सारखी, पण एकावर आठ पानी फर्मा (एका छापात उमटणारी पानं) चढतो आणि दुसऱ्यावर सोळा पानी. तुम्ही नुसती इंप्रेशनं मोजलीत तर पहिलं मशीन पुढेही वाटेल!

आणि त्या कागदावर ज्या ओळी नव्हत्या त्या बघा. टर्बोचा, म्हणजे गरज पडली की गाठायचा, वेग आय-थ्रीचा ४.३ गिगाहर्ट्झ, माझा ३.९. कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी, त्याची १२ एमबी, माझी ८. रॅम माझी जुन्या प्रकारची, डीडीआर-थ्री. माझ्या बोर्डावर (मदरबोर्ड, ज्यावर प्रोसेसर बसतो) पुढे दुसरा प्रोसेसर चढवायचा म्हटलं तर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपलीकडे सोयच नाही. बोर्डाचा खोका मात्र करकरीत नवा. जुन्या धाटणीचे बोर्ड आजही नवे बनून येतात आणि त्यावर कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला प्रोसेसर बसतो. प्रोसेसरचा सीलबंद खोका मला कुणी दाखवला नव्हता, मी मागितलाही नव्हता.

सोसायटीत एकांकडे तोच १२१०० आहे. भाच्याने दोन्हीकडे सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरचा वेग मोजणारी चाचणी चालवली. 'कमी' आय-थ्रीला माझ्या आय-सेव्हनच्या दुपटीहून जास्त गुण पडले. मग दुकानातली शर्यत? ती प्रोसेसरची नव्हतीच. माझ्यात एसएसडी होता, त्या आय-थ्रीला मुद्दाम जुनी हार्ड डिस्क लावलेली असणार. मशीन चालू व्हायला किती वेळ लागतो, हे बहुतेक डिस्कवर ठरतं. चहा पाजून मला डिस्कची शर्यत दाखवली.

आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते विंडोज ११? एखाददुसरा अपवाद सोडला तर आठव्या पिढीच्या आधीच्या इंटेलवर ते अधिकृतपणे चालतच नाही. दुकानदाराने तपासणी चुकवून घातलं होतं. मशीनला विंडोज ११ चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवलं, तर प्रोसेसरला सपोर्ट नाही असा सरळ निरोप आला.

बिल घेऊन परत गेले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, बिलावर आय-सेव्हन लिहिलंय. मशीनमध्ये आय-सेव्हन आहे. फसवलं कुठे?" तीन वर्षांच्या वॉरंटीचं विचारलं, तर ती फक्त बोर्डाची निघाली. मशीन परत घ्यायचं तर नऊ हजार देतो म्हणाला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. बिल, सीपीयू-झेडचे स्क्रीनशॉट आणि त्या काचेखालच्या कागदाचा फोटो जोडला. फोटो भाच्याने काढला, गिऱ्हाईक बनून. दिवाळी अंकाची पानं शेवटी मैत्रिणीच्या मशीनवर बसून पुरी केली, रात्री अकरा-अकरापर्यंत.

तक्रार गेल्यावर चार दिवसांत दुकानदाराचाच फोन आला. आवाजात साखर. "ताई, घरातला विषय, एवढं लांब कशाला न्यायचं? आय-फाइव्ह देतो बदलून, एक पैसा नको."

"कुठला आय-फाइव्ह? पूर्ण नंबर सांगा."

"बघून कळवतो," म्हणाला. त्याला आता तीन आठवडे झाले.