बॅसिलसचा जिनोम करून घेताय? लाँग रीडच घ्या

लातूरजवळ आमची जिवाणू खतांची छोटी प्रयोगशाळा आहे. मर रोगाने तूर वाळलेल्या एका वावरात एकच झाड हिरवंगार उभं होतं. त्याच्या मुळालगतच्या मातीतून आम्ही बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू वेगळा केला. प्लेटवर तो मर रोगाच्या फ्युजॅरियम बुरशीला बोटभर अंतरावरच थोपवतो. कशाच्या जोरावर, ते कळावं म्हणून त्याचा पूर्ण जिनोम, म्हणजे सगळा डीएनए, कंपनीकडून वाचून घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अनुभव दोन्ही तऱ्हेचा आहे.

आधी स्वस्तातलं शॉर्ट रीड पॅकेज घेतलं. त्यात डीएनएचे दीड-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचून मग जुळवतात. पण या जिवाणूत रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या) जनुकांचे जवळपास सारखेच संच साधारण दहा ठिकाणी असतात, एकेक सुमारे पाच हजार अक्षरांचा. दीडशे अक्षरांचा तुकडा त्यातल्या कुठल्या जागेचा, ते कसं ठरणार? जिनोम तुकड्यातुकड्यांतच हाती आला. वर अहवालात लिहिलं होतं, फेंगायसिनची जनुकं अपूर्ण. बुरशीला मारणारं द्रव्य तेच! ही जनुकं लांबलचक आणि आतून एकसारखी, त्यामुळे जोडणी नेमकी तिथंच तुटली होती. कच्च्या डेटासाठी तीनदा फोन करावा लागला. हे मला पटलं नाही, पैसे आम्ही त्याचेच दिले होते.

दुसऱ्यांदा तिथंच लाँग रीड, म्हणजे हजारो अक्षरांचे लांब तुकडे सलग वाचणं, करून घेतलं आणि हे काम मात्र अव्वल झालं. सुमारे 42 लाख अक्षरांचं अखंड वर्तुळ, फेंगायसिनचा संच पूर्ण. याच प्रजातीच्या 168 या स्ट्रेनचा (प्रयोगशाळेतल्या वाणाचा) जिनोम 1997 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा युरोप आणि जपानमधल्या कितीतरी प्रयोगशाळा त्यासाठी राबल्या होत्या. मग आमच्या जिनोममध्ये मी एसएफपी जनुक शोधून पाहिलं; सर्फॅक्टिन हे साबणासारखं द्रव्य बनवायला ते लागतं. 168 मध्ये ते निकामी आहे, म्हणून सर्फॅक्टिनची जनुकं असूनही तो सर्फॅक्टिन बनवू शकत नाही. आमच्या जिवाणूत ते धड आहे. अक्षर न् अक्षर लावून पाहिलं, दोनदा.

डीएनए तुम्ही काढून पाठवणार असाल तर व्होर्टेक्सवर (नळी जोरात हलवणाऱ्या यंत्रावर) घुसळू नका, डीएनएचा लांब धागा तुटतो. पिपेटच्या रुंद तोंडाच्या टिपने हळूच उचला. कच्चा डेटा मिळणार हे ऑर्डरआधीच लेखी घ्या.

यंदा त्याच वावरात तुरीच्या बियाण्याला हाच जिवाणू चोळून पेरणी केली आहे, शेजारी चार ओळी बिनप्रक्रियेच्या ठेवून.