चुन्याच्या हातांसाठी दोन बँडचा रेडिओ

शाकारणी, पन्हळ साफ करणं, चिऱ्यांच्या भिंतीला चुन्याचा हात, विहिरीच्या कठड्याला गिलावा: गोव्यात ही सगळी कामं मृग लागण्याआधीच्या पाच-सहा आठवड्यांत उरकावी लागतात. पणजीत काय चाललंय तेही याच दिवसांत कानावर हवं असतं आणि दोन्ही हात मात्र घमेल्यात. अशा माणसाने बातम्या कशावर ऐकाव्यात, या हिशेबाने इथे एक साधा रेडिओ पारखला आहे. एफएम आणि मध्यमलहर (सेटवर AM किंवा MW लिहिलेलं असतं) असे दोन बँड, चकतीने फिरणारी सुई, दोन मोठे डी सेल, ओढून लांब होणारी अँटेना. किंमत हजार-दोन हजारांच्या आत. या बांधणीचे सेट दोन-तीन कंपन्यांचे मिळतात, आतला माल बराचसा सारखाच.

फोनवर आकाशवाणीचं ॲप आहे आणि त्याचा आवाज रेडिओपेक्षा स्वच्छ येतो, हे आधीच मान्य. ६४ केबीपीएसच्या प्रवाहाला तासाला साधारण २९ एमबी लागतात, तोही खर्च फार नाही. अडतं ते बोटांपाशी. ओल्या, चुना लागलेल्या बोटाला काच दाद देत नाही. हात पुसून फोन उघडावा, तर बातमीपत्राच्या आधी चार गटांतले निरोप समोर येतात आणि तोवर घमेल्यातला माल आळू लागतो. सिमेंटचा गिलावा पाणी घातल्यापासून अर्ध्या तासात भिंतीवर चढायला हवा. उशीर झाल्यावर वरून पाणी मारून तो पुन्हा सैल करतात. लावताना तो बसल्यासारखा वाटतो, पण ताकद गेलेली असते आणि दोन पावसांत पापुद्रा सुटतो. बातमीपत्र पाच-दहा मिनिटांचं, चर्चेचा कार्यक्रम तासाचा. एका घमेल्यात बातमीपत्र बसतं, चर्चा बसत नाही. रेडिओचं बटण कोपराच्या हलक्या धक्क्यानेही फिरतं, हा गुण दुकानदार सांगत नाहीत.

पणजीचं एफएम रेनबो १०५.४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सुई जवळजवळ उजव्या टोकाला न्यायची. मध्यमलहरीवर पणजी केंद्राची जागा १२८७ किलोहर्ट्झ. खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, त्या फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावू शकतात. त्यामुळे बातम्यांसाठी सुई आकाशवाणीवरच ठेवावी. गाणी हवी असतील तर बाकीचा बँड मोकळा आहेच.

आकड्यांचा डिजिटल सेट घेणाऱ्याने एक गोष्ट बघावी. आपल्याकडे मध्यमलहरीवरची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत. १२८७ ला ९ ने भाग जातो. बाजारातले काही स्वस्त सेट अमेरिकी पद्धतीने १०-१० च्या उड्या मारतात. ते १२८० वर थांबतात किंवा १२९० वर, आणि आवाज घोगरा, फाटका येतो. सेट बिघडलाय असं समजून तो परत केला जातो. काही सेटांत एखादं बटण दाबून धरलं की ९ ची पायरी मिळते, पण ते बटण कोणतं हे पुस्तिकेत बारीक अक्षरात असतं. सुईच्या सेटला ही भानगडच नाही.

जागा निवडताना भिंत आणि छप्पर बघा. पत्र्याच्या शेडखाली मध्यमलहर मरते, म्हणून सेट सोप्यावर किंवा खिडकीच्या चौकटीत ठेवावा. एफएमसाठी अँटेना पाऊण मीटरच्या आसपास ओढावी; शंभर मेगाहर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्सा तेवढाच भरतो. मध्यमलहरीला ती अँटेना काहीच उपयोगाची नाही. मध्यमलहर पकडणारा फेराइटचा दांडा सेटच्या पोटात आडवा असतो, तेव्हा अख्खा सेटच हळूहळू फिरवायचा. सत्तरी, सांगेच्या डोंगरांआड एफएम पडतं, तिथे मध्यमलहर जास्त टिकते. तरीही क्षीण वाटली, तर पाचेक मीटर वायर बाहेर झाडाला नेऊन तिचं दुसरं टोक सेटभोवती पाच-सहा वेढे गुंडाळावं. वीज कडाडायला लागली की ही वायर आधी काढायची.

खरखरीचा दोष बहुतेक वेळा रेडिओचा नसतो. ग्राइंडर आणि ड्रिलच्या ब्रशमधून ठिणग्या उडतात, त्या मध्यमलहरीवर सरळ ऐकू येतात. स्वस्त एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, फोनचा चार्जर यांचंही तेच. एफएमला याचा त्रास फार कमी. छपराचे नळे (कौलं) उतरवताना मध्यमलहर चालेल, फरशी कापताना एफएमच लावावं.

आता खाजनाचं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीचं. बांधाला खांड (भगदाड) पडली की चिखल, चिरे, गवत, बांबू घेऊन वाडा जमतो, पण कामाची वेळ भरती-ओहोटी ठरवते. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, बातमीपत्र मात्र घड्याळाला बांधलेलं. आज मानशीकडे (बांधातल्या पाण्याच्या दाराकडे) काम चालू असताना सकाळच्या बातम्या मिळाल्या, तर चार दिवसांनी त्या वेळेला पाणी चढलेलं असेल. बांधावरच्या कामात म्हणूनच या सेटला अर्धेच गुण. शिवाय खारा चिखल. स्प्रिंगला गंज धरतो, आवाजाची चकती करकरते. साध्या झिंक सेलचा पाझर आम्लधर्मी, तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावा. अल्कलाइन सेलचा पाझर उलट, त्याला व्हिनेगर किंवा लिंबू. उलटसुलट केलं तर गंज तसाच राहतो. चकतीत काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून ती वीस वेळा इकडून तिकडे फिरवली की करकर बहुधा जाते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. एका बांधावर मगोवालेही (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे) असतात, काँग्रेसवालेही. बातमीपत्र संपताच सेट गाण्यांवर वळवणारा माणूस आधीच नेमून ठेवा, नाहीतर खांड राहते बाजूला.

या सेटकडून सगळं मिळणार नाही. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) चे, म्हणजे आराखड्यातला जमिनीचा झोन बदलण्याचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले, ही बातमी रेडिओवर दोन वाक्यांत संपते. आपल्या गावातला कोणता सर्व्हे नंबर त्यात होता, ते राजपत्रात आणि पेपरातच शोधावं लागतं. ग्रामसभेची नोटीस पंचायतीच्या फलकावर, तिथे चालतच जावं लागतं. पेपर संध्याकाळी हातपाय धुतल्यावर वाचावा. दुपारी कामाच्या जागी आणला, की तो रंगाच्या डब्याखाली जातो आणि अग्रलेखावर गोल शिक्का उमटतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेणार असाल, तर सेल सोबत न्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मध्यमलहर कधीच नीट लागत नाही, सेट उंबऱ्याबाहेर आणून लावायला सांगा. आवाज अगदी हळू वाढवत न्या. शून्याजवळच करकर आली तर दुसरा नग मागा. सेलच्या झाकणाची पकड बघा, ती प्लास्टिकची असते आणि सगळ्यात आधी तीच मोडते. रोज तासभर मध्यम आवाजात वापरलं तर साधे दोन डी सेल तीनेक महिने जातात. जूनमध्ये सेट कपाटात जाणार असेल, तर सेल बाहेर काढून, सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून झाकणाच्या डब्यात ठेवा.