सीई खूण पॅडवर, पॅंट मात्र साधीच : रायडिंग पॅंट घेताना झालेली फसवणूक

मोटरसायकलवर घालायची संरक्षक पॅंट म्हणून मला साधी जीन्स विकली गेली, आणि ती साधी आहे हे मला रस्त्यावर घसरल्यानंतर कळले. विक्रेत्याने खोटेपणा नेमका कुठे केला, मी काय तपासले नाही आणि काय तपासायला हवे होते, हे सविस्तर लिहितो आहे. कारण हीच युक्ती अजूनही तशीच वापरली जाते आणि तिला बळी पडणारे बहुतेक जण माझ्यासारखेच सुरक्षिततेचा विचार करून खरेदी करणारे असतात.

हेल्मेट, जॅकेट आणि हातमोजे मी आधीच पारखून घेतले होते. पॅंट मागे राहिली होती. अनेक चालकांचे असेच होते, आणि ते चुकीचे आहे, कारण मोटरसायकलच्या अपघातांत जीव वाचलेल्यांना सर्वाधिक दुखापती पायांनाच होतात. दिवसभर कामावर घालता येईल अशी, दिसायला जीन्ससारखी पॅंट मला हवी होती. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे ती सापडली. वर्णनात ‘केव्हलारची जोड’, ‘एए दर्जा’ आणि ‘सीई प्रमाणित’ असे तीन दावे होते. केव्हलार हा अतिशय मजबूत धागा, एए हा कपड्याच्या संरक्षणाचा दर्जा आणि सीई ही वस्तू युरोपीय नियमांप्रमाणे असल्याची खूण. छायाचित्रात पॅंट उलटी करून आतले पिवळे अस्तर दाखवले होते आणि शेजारी गुडघ्याचे पॅड ठेवले होते. किंमत चांगल्या पॅंटेपेक्षा थोडी कमी, पण शंका यावी इतकी कमी नव्हती. फार स्वस्त वस्तूकडे माणूस संशयाने पाहतो. जवळपास बरोबर वाटणारी किंमत तो संशय उठूच देत नाही.

मी विक्रेत्याकडे प्रमाणपत्र मागितले आणि त्याने ते लगेच पाठवले. त्यावर शिक्का होता, तक्ते होते आणि ‘ईएन १६२१-१:२०१२’ असा मानकाचा क्रमांक होता. तो क्रमांक खरा आहे का, एवढेच मी शोधून पाहिले. तो खरा होता, म्हणून मी पैसे भरले. तो क्रमांक कोणत्या वस्तूसाठी असतो, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

काही आठवड्यांनी एका वळणावर पसरलेल्या बारीक खडीवरून पुढचे चाक निसटले. वेग चाळीसच्या आसपास असावा. मी डाव्या कुशीवर पडलो आणि काही मीटर घसरत गेलो. जॅकेटवर फक्त ओरखडे आले. पॅंटची बाहेरच्या बाजूची शिवण मात्र खुब्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत उसवली होती, खुब्यावरचे कापड पूर्ण झिजून गेले होते आणि त्याखालची कातडी सोलली गेली होती. गुडघ्याचे पॅड फिरून नडगीच्या आतल्या बाजूला गेले होते, त्यामुळे गुडघा थेट रस्त्यावर आपटला. हाड मोडले नाही. मांडीच्या जखमेत रुतलेली खडी काढून ती स्वच्छ करण्याचे काम मात्र फार वेदनादायक होते आणि नीट चालायला मला तीन आठवडे लागले.

चालता यायला लागल्यावर मी ती पॅंट टेबलावर उलटी पसरली. पिवळे अस्तर गुडघ्याच्या समोर तळहाताएवढ्या तुकड्यात होते. खुब्यावर किंवा बैठकीच्या भागाला त्याचा धागाही नव्हता. कमरेच्या आतल्या लहान लेबलावर कापडाचा तपशील स्पष्ट छापला होता : बाहेरचे कापड ९८ टक्के कापूस आणि २ टक्के स्पॅन्डेक्स, अस्तर १०० टक्के पॉलिएस्टर. केव्हलार म्हणजेच ॲरामिड जातीच्या धाग्याचा उल्लेख कुठेच नव्हता. जाहिरातीत खोटे लिहिणाऱ्याने पॅंटच्या आत खरे लिहिले होते, आणि पॅंट हातात आली त्याच दिवशी मी ते वाचायला हवे होते.

आता मुख्य युक्तीबद्दल. मोटरसायकलच्या कपड्यांसाठी युरोपात दोन वेगवेगळी मानके आहेत आणि ही फसवणूक त्या दोघांची सरमिसळ करून होते. ईएन १६२१-१ हे फक्त हातापायांच्या पॅडसाठी आहे. त्यात पॅडवर ५० जूल ऊर्जेचा आघात करतात आणि पॅडमधून पलीकडे किती बल पोहोचते ते मोजतात. हे सरासरी बल ३५ किलोन्यूटनपेक्षा जास्त नसेल तर पॅड पहिल्या पातळीचे, २० पेक्षा जास्त नसेल तर दुसऱ्या पातळीचे ठरते. पॅंटचे कापड घासले गेल्यावर टिकेल का, शिवण उसवेल का, याबद्दल हे मानक एक शब्दही सांगत नाही. त्यासाठी ईएन १७०९२ हे वेगळे मानक आहे. ते २०२० मध्ये आले आणि एएए, एए, ए, बी आणि सी हे दर्जे त्यातले आहेत. या चाचणीत कापडाचे तुकडे वेगाने फिरवून काँक्रीटच्या पृष्ठभागावर सोडतात आणि ते थांबेपर्यंत भोक पडते का ते पाहतात. गुडघा आणि खुबा यांसारख्या सर्वाधिक धोक्याच्या भागांसाठी एएए दर्जाला साधारण ताशी १२० किलोमीटर, एए दर्जाला ७० आणि ए दर्जाला ४५ किलोमीटर वेगाशी जुळणारी कसोटी असते. रस्ता क्वचितच टेकतो त्या भागांना सौम्य कसोटी चालते. याशिवाय कापड फाटण्याची आणि शिवणीच्या ताकदीचीही वेगळी चाचणी होते. बी दर्जाच्या कपड्याला घासण्यापासूनचे संरक्षण असते पण पॅड नसतात, आणि सी दर्जाचा कपडा केवळ पॅड जागेवर धरून ठेवण्यासाठी असतो. त्याच्या कापडाकडून घसरण्यात काहीच अपेक्षा ठेवता येत नाही.

मला पाठवलेले प्रमाणपत्र पॅडचे होते आणि सांगितलेला दर्जा कपड्याचा होता. ‘सीई प्रमाणित आर्मरसह’ (आर्मर म्हणजे हेच पॅड) असे वाक्य लिहिले की वाचणाऱ्याला सगळी पॅंटच प्रमाणित वाटते. पॅड खरोखर प्रमाणित असेल तर ते वाक्य शब्दशः खोटेही नसते, आणि म्हणूनच मला ते सर्वांत धोकादायक वाटते.

पडताना शरीराचे काय होते हे समजले की ही दोन मानके वेगळी का, तेही कळते. जमिनीवर आपटण्याचा जोर मुख्यतः आपण किती उंचीवरून पडतो यावर ठरतो, गाडीच्या वेगावर तितका नाही. तो आघात पॅड झेलते. त्यानंतरच्या घसरण्याला कापड तोंड देते. या दोहोंच्या आधी, शरीर रस्त्याला टेकते त्या क्षणी कापडाला जो हिसका बसतो तो शिवणीला सोसावा लागतो. शिवण उघडली तर कापड कितीही चांगले असले तरी ते अंगावर राहत नाही. माझ्या पॅंटची बाहेरची शिवण एकेरी टिपेची होती. चांगल्या पॅंटेत खुबा, मांडी आणि बैठकीच्या शिवणींना दोन-तीन टिपा असतात आणि त्यांतली किमान एक टीप आत दडवलेली असते, म्हणजे वरचा धागा घासून तुटला तरी आतला शिवण धरून ठेवतो. शिवण दोन्ही हातांनी ताणून आतून पाहिली तर हा फरक कोणालाही दिसतो.

मी विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली. पहिले उत्तर आले की वापरलेला माल परत घेतला जात नाही. कापडाच्या लेबलाचा फोटो पाठवल्यावर उत्तर आले की एए म्हणजे दोन थर, आणि पॅंटला अस्तर असल्यामुळे ती एए आहे. हा अर्थ पूर्णपणे बनावट आहे. मी ईएन १७०९२ नुसार झालेल्या तपासणीचे प्रमाणपत्र मागितले, तेव्हा उत्तरे थांबली. मग मी आधीचे प्रमाणपत्र पुन्हा नीट वाचले. त्यावरचे उत्पादकाचे नाव पॅंटच्या ब्रॅंडशी जुळत नव्हते, आणि मॉडेल क्रमांक माझ्या पॅडवर कुठेही कोरलेला नव्हता. म्हणजे ते कागद दुसऱ्याच कोणत्या तरी पॅडचे होते. माझ्या पॅडवर ‘सीई’ एवढी दोन अक्षरे होती. मानकाचा क्रमांक, पातळी आणि गुडघ्यासाठी असलेले ‘के’ अक्षर यांपैकी काहीच नव्हते. खऱ्या पॅडवर हे सगळे आणि मोटरसायकलस्वाराचे लहान चित्र पॅडवरच उठवलेले किंवा छापलेले असते. खुब्याच्या पॅडवर ‘एच’ असते.

पॅंटला स्वतःचे लेबल वेगळे असावे लागते : आत शिवलेले, त्यावर सीई खूण, मोटरसायकलस्वाराचे चित्र, ईएन १७०९२ चा उल्लेख, दर्जाची अक्षरे आणि उत्पादकाचे नाव व पत्ता. युरोपीय संघाच्या २०१६/४२५ या नियमानुसार, जो २१ एप्रिल २०१८ पासून लागू आहे, अशा कपड्याचा नमुना अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो आणि उत्पादकाने अनुरूपतेचे, म्हणजे कपडा नियमांप्रमाणे आहे असे सांगणारे, घोषणापत्र कपड्यासोबत द्यावे लागते किंवा ते कोणत्या संकेतस्थळावर मिळेल ते सांगावे लागते. म्हणून विक्रेत्याला ‘प्रमाणपत्र आहे का’ असे विचारू नये. त्याला ‘आहे’ म्हणायला काहीच कष्ट पडत नाहीत. ‘याच मॉडेलच्या पॅंटचे घोषणापत्र पाठवा आणि आतल्या लेबलाचे छायाचित्र पाठवा’ असे सांगावे, आणि दोन्हींवरचे नाव, मॉडेल व दर्जा एकमेकांशी जुळवून पाहावा. जाहिरातीचे चित्र, टॅगवरची सोनेरी अक्षरे किंवा कमरेच्या चामड्यावर उमटवलेले एए यांना लेबल मानू नये.

पिवळ्या अस्तराचीही मी परीक्षा केली. केव्हलारचा धागा मुळात सोनेरी पिवळा असतो, म्हणून नकली अस्तर पिवळ्या रंगात रंगवतात. उसवलेल्या भागातले चार-पाच धागे मी चिमट्यात धरून, मोकळ्या जागी आणि पाणी जवळ ठेवून ज्योतीत धरले. ते लगेच आकसले, वितळले आणि टोकाला काळा कडक मणी तयार झाला. पॉलिएस्टर असेच वागते. ॲरामिड वितळत नाही. ते काळे पडून कोळसते आणि ज्योत दूर केली की विझते. मात्र या परीक्षेचा अर्थ लेबल वाचूनच लावावा. काही उत्तम संरक्षक कापडे अतिशय मजबूत पॉलिइथिलीन धाग्यांची असतात आणि तो धागा वितळतोच. तेव्हा लेबलावर पॉलिइथिलीन लिहिलेले असेल तर वितळणे हा खोटेपणाचा पुरावा होत नाही. उलट, साधा कापूसही वितळत नाही. तो कागदासारखा जळून राख होतो. लेबलावर एक आणि धाग्यात दुसरेच असेल, तरच फसवणूक सिद्ध होते.

खरे अस्तर असले तरी ते कुठवर आहे हे हात आत घालून चाचपावे. ‘जोड’, ‘पट्टी’, ‘रिइन्फोर्स्ड’ असे शब्द दिसले की क्षेत्रफळ विचारावे. खुबा, मांडीची बाहेरची बाजू, बैठक आणि गुडघा एवढे भाग झाकलेले नसतील, तर त्या पॅंटचा भरवसा बाहेरच्या कापडावरच उरतो, आणि साधे डेनिम रस्त्यावर फार थोडा वेळ टिकते. सगळेच आतील अस्तरावर अवलंबून असते असेही नाही. एकाच थराच्या काही पॅंटा विणीतच मजबूत धागे मिसळून बनवलेल्या असतात. दर्जा लेबलावर स्वच्छ लिहिलेला असेल तर त्याही चालतात.

पॅड फिरले यात विक्रेत्याइतकाच मापाचाही दोष होता. मी पॅंट उभ्याने घालून पाहिली होती आणि उभे असताना पॅड बरोबर जागेवर वाटले होते. गाडीवर बसल्यावर गुडघा वाकतो, कापड वर ओढले जाते आणि पॅडची जागा बदलते. नवी पॅंट घेताना मी तिचे बिल होण्याआधी गाडीवर बसून पाय ठेवून पाहिले : पॅडचा वाटीसारखा भाग वाकलेल्या गुडघ्यावर बसला पाहिजे, खालचे टोक नडगीवर उतरले पाहिजे आणि पॅड हाताने धरून बाजूला वळवण्याचा प्रयत्न केला तरी ते फिरता कामा नये. खुब्याचे पॅड मांडीच्या वरच्या टोकाला बाहेर हाताला लागणाऱ्या हाडावर हवे, कमरेच्या बाजूला वर नको. पॅडचा खिसा दोन उंचींवर बसवता येत असेल तर फार उपयोग होतो. पॅंटच्या पायाची खालची बाजू बुटांत किंवा बुटांवर घट्ट बसावी, नाहीतर घसरताना पॅंटचा पाय वर सरकतो आणि त्याबरोबर पॅडही जाते.

ज्या मंचावरून मी खरेदी केली होती त्यांच्याकडे मी लेखी तक्रार केली. सोबत जाहिरातीची स्क्रीनचित्रे, कापडाच्या लेबलाचे छायाचित्र, पॅडच्या प्रमाणपत्राची प्रत, पैसे भरल्याची पावती आणि विक्रेत्याशी झालेला सर्व पत्रव्यवहार जोडला. ‘पॅंट फाटली’ असे न लिहिता ‘वर्णनात एए दर्जा आणि केव्हलार सांगितले, प्रत्यक्ष वस्तूत दोन्ही नाहीत’ असे लिहिले, कारण पहिल्या वाक्याला झीज म्हणून नाकारता येते, दुसऱ्याला येत नाही. खरेदीच्या दिवशीच मी जाहिरातीचे चित्र जपून ठेवले होते, याचा फार उपयोग झाला. तोपर्यंत विक्रेत्याने वर्णनातून ‘एए’ काढून टाकले होते. दीड महिन्याने पैसे परत मिळाले आणि ती जाहिरात हटवली गेली. गेल्या आठवड्यात तीच छायाचित्रे, तेच पिवळे अस्तर आणि तोच पॅड घेऊन ती पॅंट वेगळ्या ब्रॅंडच्या नावाने पुन्हा विक्रीला आलेली मला दिसली. या वेळी वर्णनात ‘एएए’ लिहिले आहे. मी दुसरी तक्रार कालच पाठवली आहे, आणि उसवलेली पॅंट पुरावा म्हणून अजून जपून ठेवली आहे.